आधी पाणी मुरवा, मग मासा आणा



शाळांना सुट्टी लागली की मुले हट्ट धरतात, आणि एके दिवशी घरात प्लॅस्टिकच्या पिशवीतून चार रंगीत मासे येतात. काचेचे एक गोल भांडे शोधून काढले जाते, नळाचे ताजे पाणी भरले जाते, मासे आत सोडले जातात. दोन दिवस सारे घर त्या भांड्याभोवती असते. चौथ्या दिवशी एक मासा उताणा तरंगतो. आठवडा संपायच्या आत भांडे रिकामे होते आणि घरातली वडीलधारी मंडळी म्हणतात, "आपल्याला मासा लाभत नाही."

लाभण्या न लाभण्याचा यात काही संबंध नाही. दुकानातून आलेला एखादा मासा रोगट असतोही. परंतु नव्या टाकीतले बहुतेक मासे रोगाने मरत नाहीत. ते स्वतःच्याच घाणीच्या विषाने मरतात, आणि बाहेरून पाहणाऱ्याला ते पाणी स्फटिकासारखे स्वच्छ दिसत असते. औषध आणून काही उपयोग होत नाही, कारण बिघाड माशात नसून पाण्यात असतो.

यात पैसे जातात ते वेगळेच. त्याहून मोठी गोष्ट ही, की मासे मेले, टाकून दिले, नवे आणले, असे तीन-चार वेळा झाले म्हणजे मूल एक वाईट धडा शिकते. जीव म्हणजे संपला की बदलायची वस्तू, असे त्याला वाटू लागते. हाच छंद नीट केला तर मूल याच्या उलट धडा शिकते. म्हणून आज या पानावर थोडे सविस्तर लिहावेसे वाटते.

शेतकऱ्याला हे नवे नाही

आपल्यापैकी ज्यांची शेती आहे त्यांना ठाऊक आहे, की ताजे, कच्चे शेण रोपाच्या मुळाशी घातले तर रोप जळते. तेच शेण खड्ड्यात काही महिने मुरले म्हणजे त्याचे उत्तम खत होते. शेण तेच, मधल्या काळात डोळ्यांना न दिसणारे जिवाणू त्याच्यावर काम करून गेलेले असतात.

माशाच्या टाकीत हेच घडते. मासा खातो आणि त्याच्या शरीरातून अमोनिया बाहेर पडतो. त्याचा बराचसा भाग विष्ठेतून नव्हे तर कल्ल्यांतून पाण्यात उतरतो. उरलेले खाद्य आणि कुजकी पाने यांतूनही अमोनियाच तयार होतो. तो थोडासा जरी साचला तरी कल्ले जळतात. मासा वर येऊन धापा टाकू लागतो, पर मिटून एका कोपऱ्यात उभा राहतो, कल्ले लालभडक दिसतात.

टाकीत योग्य जिवाणू असतील तर ते या अमोनियाचे नायट्राइट करतात. हेही विषच, ते माशाच्या रक्ताची प्राणवायू वाहण्याची शक्ती काढून घेते. मग दुसऱ्या जातीचे जिवाणू नायट्राइटचे नायट्रेट करतात. नायट्रेट बऱ्याच प्रमाणात साचल्याशिवाय माशाला फारसे बाधत नाही, आणि वनस्पतींना तर ते अन्नच आहे. सर्गेई विनोग्राड्स्की या रशियन शास्त्रज्ञाने १८९० च्या सुमारास हे जिवाणू वेगळे करून दाखवले. त्याने ते मातीत शोधले होते. तुमच्या शेतात नत्राचे जे चक्र फिरते, तेच टाकीत फिरते.

अडचण एवढीच, की नव्या टाकीत हे जिवाणू जवळजवळ नसतात. ते वाळूवर, काचेवर, झाडांवर आणि फिल्टरच्या स्पंजवर हळूहळू वस्ती करतात. ही वस्ती पुरेशी वाढायला साधारण चार ते सहा आठवडे लागतात. लोणचे जसे मुरावे लागते तसेच हे पाणीही मुरावे लागते. चार दिवसांत लोणचे काढणाऱ्याला आंबट-तुरट फोडी मिळतात. चार दिवसांत मासा सोडणाऱ्याला मेलेला मासा मिळतो.

एका रसायनशास्त्रज्ञाची टाकी

घरातील मत्स्यालयाचा इतिहास फार जुना नाही. रॉबर्ट वॉरिंग्टन हा लंडनचा रसायनशास्त्रज्ञ. त्याने १८४९ साली एका भांड्यात दोन लहान गोल्डफिश आणि व्हॅलिस्नेरिया या पाणवनस्पतीची रोपे ठेवली. वनस्पती प्राणवायू देईल आणि मासे जगतील, असा त्याचा हिशेब होता. काही दिवस ठीक गेले. मग वनस्पतीची जुनी पाने कुजू लागली, काचेवर बुळबुळीत थर चढला आणि पाणी बिघडले. तेव्हा त्याने आत पाच-सहा गोगलगायी सोडल्या. त्यांनी कुजकी पाने व थर खाऊन टाकला आणि पाणी सुधारले. हा प्रयोग त्याने १८५० साली प्रसिद्ध केला. त्यानंतर तीनच वर्षांनी, १८५३ साली, लंडनच्या प्राणिसंग्रहालयात लोकांसाठी मत्स्यालय उघडले. आपल्याकडे मुंबईचे तारापोरवाला मत्स्यालय १९५१ साली सुरू झाले.

वॉरिंग्टनला जिवाणूंचे काम माहीत नव्हते. तरीही खरी गोष्ट त्याच्या ध्यानात आली होती: टाकीत मासा एकटा जगत नाही. खाणारा, कुजवणारा आणि कुजलेले पुन्हा वापरणारा, असे सारे कुटुंब तिथे असावे लागते.

टाकी कशी असावी

गोल भांडे घेऊ नका. त्यात पाणी थोडे, पृष्ठभाग लहान आणि फिल्टरला जागा नाही. पाणी जितके कमी तितके ते लवकर बिघडते. पुष्कळांना वाटते की लहान भांडे सोपे. प्रत्यक्षात मोठी टाकीच नवशिक्याला सोपी जाते.

सुरुवातीला ६० सेंटिमीटर लांब, ३० रुंद आणि ३५ उंच अशी टाकी पुरे. पाणी ३० सेंटिमीटर उंचीपर्यंत भरा. हिशेब मुलांकडून करून घ्या: ६० × ३० × ३० म्हणजे ५४,००० घन सेंटिमीटर, म्हणजेच ५४ लिटर. पाण्याचेच वजन ५४ किलो. त्यात काच आणि वाळू मिळवा. तेव्हा टाकी डगमगत्या स्टुलावर नको. भक्कम, सपाट टेबल हवे आणि टाकीखाली थर्माकोलचा पातळ तुकडा हवा, म्हणजे काचेला एका जागी ताण बसत नाही. खिडकीचे ऊन थेट पडत असेल तर पाणी शेवाळाने हिरवे होईल, जागा बदला.

तळाशी धुतलेली जाडसर वाळू किंवा बारीक खडे तीन-चार सेंटिमीटर घाला. हवेचा लहान पंप आणि स्पंजचा फिल्टर घ्या. यापेक्षा महाग काही लागत नाही. स्पंज म्हणजे केवळ गाळणे नव्हे, ते जिवाणूंचे घर आहे. म्हणून पंप रात्रीही बंद करू नका. हवा थांबली की या जिवाणूंना प्राणवायू कमी पडतो. टाकीवर झाकण हवे. मासे उडी मारतात आणि मांजरे वाट पाहतात.

विजेची तार पंपाकडून सॉकेटपर्यंत सरळ ताणू नका. मध्ये ती सॉकेटच्या खाली लोंबती ठेवा, म्हणजे तारेवरून ओघळणारे पाणी सॉकेटमध्ये न जाता खाली टपकते. टाकीत हात घालण्यापूर्वी बटण बंद करून प्लग काढावा, हा नियम मुलांना पहिल्या दिवशी शिकवा.

सहा आठवड्यांचे वेळापत्रक

पहिला दिवस: टाकी भरा. नळाच्या पाण्यात क्लोरीन असते. ते माशाचे कल्ले आणि आपले जिवाणू या दोघांनाही मारते. असे पाणी उघड्या बादलीत एक दिवस ठेवावे, किंवा दुकानात मिळणारे क्लोरीन काढणारे खडे, म्हणजे फोटोवाल्यांचा जुना हायपो, पाकिटावरील प्रमाणात वापरावे. विहिरीच्या पाण्याला याची गरज नाही. मात्र विहिरीत नुकतीच ब्लीचिंग पावडर टाकली असेल तर आहे.

पहिला आठवडा: पंप चालू करा, पाणवनस्पती लावा, पण मासा आणू नका. रोज माशाच्या खाद्याची एक बारीक चिमूट पाण्यात टाका. मासा नसताना खाद्य कशाला, असे घरचे विचारतील. ते खाद्य कुजते, त्यातून अमोनिया होतो आणि तोच जिवाणूंचा पहिला घास. कुणा ओळखीच्याची जुनी, निरोगी टाकी असेल तर तिच्या फिल्टरमधला स्पंजाचा तुकडा मागून आणा आणि ओलाच आपल्या टाकीत ठेवा. दही लावताना विरजण घालतो तसे हे विरजण आहे. याने दिवस वाचतात.

दुसरा ते चौथा आठवडा: पाणी कधी गढूळ दिसेल, कधी निवळेल. घाबरू नका. या काळात अमोनिया वाढून उतरतो, मग नायट्राइट वाढून उतरतो. दुकानात अमोनिया व नायट्राइट तपासण्याचे लहान संच मिळतात. दोन-चार मित्रांनी मिळून एक घेतला तरी चालतो.

पाचवा-सहावा आठवडा: खाद्य टाकत असतानाही अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्य आले, की पाणी मुरले. आता मासे आणा, पण सगळे एकदम नको. आधी तीन-चार, दोन आठवड्यांनी आणखी तीन-चार. जिवाणूंची वस्ती खाणाऱ्या तोंडांच्या मानाने वाढते. तिला वेळ द्यावा लागतो.

मासा पिशवीतून एकदम ओतू नका. पिशवी तशीच पंधरा-वीस मिनिटे टाकीत तरंगत ठेवा, मग टाकीतले थोडे थोडे पाणी पिशवीत मिसळा. शेवटी मासा जाळीने उचलून सोडा आणि पिशवीतले पाणी टाकून द्या.

आपले पाणी, आपला मासा

सगळीकडचे पाणी सारखे नसते. काळ्या जमिनीच्या भागात विहिरी आणि बोअरचे पाणी बहुधा जड असते; साबणाला फेस येत नाही, भांड्याच्या तळाशी पांढरा थर बसतो. गोव्यात आणि घाटाजवळच्या जांभ्या दगडाच्या भागात विहिरीचे पाणी मऊ आणि किंचित आम्ल असते.

जड पाण्यात गप्पी, मोली, प्लॅटी हे पिल्ले देणारे मासे सुखाने राहतात. मऊ पाण्यात बार्ब, गुरामी, टेट्रा हे मासे चांगले. मऊ पाण्याच्या गावी मोली किंवा गप्पी ठेवायचेच असतील तर तिसऱ्यांचे रिकामे शिंपले स्वच्छ धुऊन, उकळून, मूठभर टाकीत ठेवा. त्यातला चुना हळूहळू विरघळतो आणि पाणी थोडे जड होते.

इथे एक सावधगिरी हवी. पाणी जितके अल्कधर्मी तितका अमोनिया अधिक विषारी. म्हणून जड पाणी असणाऱ्यांनी पाणी मुरवण्यात घाई अजिबात करू नये. उलट, पाणी फारच आम्ल असेल तर जिवाणूंचे काम मंदावते. तिथे शिंपले दोन्ही अर्थांनी उपयोगी पडतात.

बेळगावच्या थंडीचाही विचार करा. हे बहुतेक मासे २४ ते २८ अंश सेल्सिअसला आनंदात असतात. डिसेंबर-जानेवारीच्या रात्री टाकी भिंतीला लागून, वाऱ्यापासून दूर असावी. लागल्यास लहान हीटर घ्या. लिटरला एक वॉट हा ढोबळ हिशेब.

गोल्डफिशबद्दल दोन शब्द. सर्वांत जास्त विकला जाणारा आणि सर्वांत जास्त हाल सोसणारा मासा हाच. नीट ठेवला तर तो दहा वर्षांहून अधिक जगतो आणि वीतभर वाढतो. घाणही पुष्कळ करतो. ५४ लिटरची टाकी त्याला पुरत नाही. अंगणात मोठा हौद असेल तरच त्याचा विचार करा.

रोजचे आणि आठवड्याचे काम

खाद्य दिवसातून दोनदा, आणि दोन मिनिटांत संपेल एवढेच. घरातल्या प्रत्येकाला मासा उपाशी दिसतो आणि प्रत्येकजण चिमूट टाकतो. त्यापायी जितके मासे मरतात तितके उपासाने मरत नाहीत. खाद्य देण्याचे काम एकाच मुलाकडे सोपवा. मोठ्या माशांना आठवड्यातून एक दिवस उपास घडवला तर त्यांना बरेच असते. आपल्याप्रमाणे ते कुरकुरतही नाहीत.

आठवड्यातून एकदा दहा-अकरा लिटर, म्हणजे सुमारे पाचवा हिस्सा पाणी काढून तितकेच क्लोरीन गेलेले पाणी घाला. सगळे पाणी एकदम बदलणे, वाळू उपसून साबणाने धुणे, हे करू नका. त्या एका 'स्वच्छतेत' सहा आठवड्यांची वस्ती वाहून जाते. स्पंजही नळाखाली नव्हे, टाकीतून काढलेल्या पाण्याच्या बादलीत पिळावा.

काढलेले पाणी मोरीत ओतू नका. त्यात नायट्रेट असते. ते मिरचीच्या, वांग्याच्या किंवा मोगऱ्याच्या मुळाशी घाला. मात्र टाकीत औषध किंवा मीठ घातले असेल तेव्हा ते झाडांना नको.

पैदास: पहिला धडा गप्पीचा

गप्पी हे नाव गप्पा मारण्यावरून आलेले नाही. रॉबर्ट गप्पी नावाच्या गृहस्थाने १८६६ साली त्रिनिदाद बेटावरून हे मासे लंडनच्या संग्रहालयाकडे पाठवले, त्यांच्या आडनावावरून ते पडले. नर लहान, रंगीत शेपटीचा. मादी मोठी, साध्या रंगाची. एका नरामागे दोन-तीन माद्या ठेवाव्यात, नाहीतर नर एकाच मादीला दमवतो.

गप्पीची मादी अंडी घालत नाही, पिल्ले देते. सुमारे चार आठवड्यांनी वीस ते पन्नास पिल्ले होतात. मादीच्या पोटामागचा काळा डाग मोठा आणि पोट चौकोनी दिसू लागले की दिवस भरले. आईच पिल्ले खाते, म्हणून टाकीत हायड्रिला किंवा जावा शेवाळाची दाट जाळी हवी. पिल्ले त्यात लपतात. नाहीतर मादीला आठवडाभर वेगळ्या, झाडे घातलेल्या टाकीत ठेवून पिल्ले झाल्यावर परत आणा. ही दुसरी टाकीही मुरलेलीच हवी. नवे पाणी पिल्लांना मोठ्यांहून लवकर मारते.

पिल्लांना दिवसातून तीन-चार वेळा, बोटांत चुरून पीठ केलेले खाद्य द्या. उकडलेल्या अंड्याचा पिवळा बलक फडक्यात बांधून पाण्यात हलवला तरी चालतो, पण तो पाणी फार लवकर नासवतो. जोंधळ्याच्या दाण्याएवढाच घ्यावा.

आता एक गणित. मादी एकदा नराजवळ राहिली की बीज साठवून ठेवते आणि नर नसतानाही पुढचे काही महिने वेत देत राहते. महिन्याला तीस पिल्ले धरली, त्यातल्या निम्म्या माद्या, आणि त्याही तीन महिन्यांत विणाऱ्या, तर सहा महिन्यांत ५४ लिटरमध्ये काय होईल? म्हणून पिल्ले तीन-चार आठवड्यांची होताच नर आणि माद्या वेगळ्या करा. नराच्या पोटाखालचा पर तेव्हा काडीसारखा टोकदार होऊ लागतो. मादीचा पंख्यासारखाच राहतो. पिल्ले कुणाला द्यायची हे ठरवल्याशिवाय पैदास करू नका.

दुसरा धडा झेब्र्याचा

निळ्या-रुपेरी पट्ट्यांचा झेब्रा मासा आपल्याच देशाचा. फ्रान्सिस हॅमिल्टन याने १८२२ साली गंगेच्या माशांवरील ग्रंथात त्याचे वर्णन केले. आज जगभरच्या प्रयोगशाळांत या माशावर संशोधन चालते, कारण त्याची अंडी पारदर्शक असतात आणि आत हृदय कसे तयार होते ते दुर्बिणीशिवाय, केवळ सूक्ष्मदर्शकाखाली पाहता येते.

तो अंडी घालतो आणि लगेच खातोही. त्यावर मुलांच्या गोट्या हा उत्तम उपाय. लहान टाकीत पंधरा सेंटिमीटर पाणी घ्या आणि तळाशी गोट्यांचे दोन थर पसरा. नर-मादी आठवडाभर वेगळे ठेवून चांगले खाऊ घाला. गुबगुबीत पोटाची एक मादी आणि सडपातळ दोन नर संध्याकाळी त्या टाकीत सोडा. पहाटे उजाडताच अंडी पडतात, गोट्यांच्या फटीतून खाली जातात आणि आईबापांचे तोंड तिथे पोचत नाही. दुपारी मोठे मासे काढून घ्या. दोन-तीन दिवसांत अंडी फुटतात. पिल्ले आधी काचेला चिकटून असतात. पाचव्या दिवसाच्या सुमारास पोहू लागली की खाद्य सुरू करावे.

त्यांचे तोंड इतके लहान असते की भुकटीही मोठी पडते. त्यासाठी अंडी घेण्याच्या तीन-चार दिवस आधी काचेच्या बरणीत टाकीतले पाणी घेऊन त्यात कोबीचे सुकलेले पान टाका आणि उजेडात ठेवा. पाणी आधी दुधाळ होते, मग निवळते. निवळले की त्यात सूक्ष्म जीव भरलेले असतात. ते पाणी चमचा-चमचा द्या.

मासा आजारी पडला तर

पहिले काम म्हणजे पाणी तपासणे. औषधाचा विचार त्यानंतर. पाण्यात अमोनिया किंवा नायट्राइट सापडले तर लगेच तिसरा हिस्सा पाणी बदला आणि एक-दोन दिवस खाद्य थांबवा.

अंगावर मिठाच्या कणांसारखे पांढरे ठिपके आले तर तो एका परजीवीचा रोग आहे. हा जंतू माशाच्या कातडीखाली असताना औषध त्याला लागत नाही. तो गळून तळाशी पडतो, तिथे त्याचे शेकडो होतात आणि ते नवा मासा शोधत पोहतात. तेव्हाच औषध लागू पडते. म्हणून ठिपके गेले तरी उपचार दहा-बारा दिवस चालू ठेवावेत. नवा मासा आणला की तो दोन-तीन आठवडे वेगळ्या टाकीत ठेवणे हा सर्वांत स्वस्त उपाय.

घरातल्या उरलेल्या अँटिबायोटिक कॅप्सूल फोडून टाकीत टाकण्याची पद्धत काही ठिकाणी आहे. ती सोडून द्या. पांढऱ्या ठिपक्यांना त्या लागू पडत नाहीत, टाकीतले उपयोगी जिवाणू त्यांनी मरू शकतात, आणि अर्धवट मात्रेने औषधाला न जुमानणारे रोगजंतू तयार होतात. ते माणसांनाही महागात पडते.

घरच्यांचे आरोग्य

हाताला चीर किंवा जखम असेल तर टाकीत हात घालू नये. या पाण्यातला एक जिवाणू जखमेतून जाऊन बोटावर लवकर न भरणाऱ्या गाठी आणतो. काम झाल्यावर हात साबणाने धुवा. नळीने पाणी काढताना तोंडाने ओढू नका. स्वयंपाकाची बादली आणि टाकीची बादली वेगळी ठेवा.

ज्या बादलीत नळाचे पाणी एक दिवस ठेवता, तिच्यावर पातळ फडके बांधा. मासा नसलेले उघडे पाणी म्हणजे डासांची शाळा. डेंग्यूचा डास स्वच्छ साठलेल्या पाण्यातच वाढतो आणि आठ-दहा दिवसांत अंड्यापासून डास होतो. माशांची आवड असलेल्या घरातूनच शेजारी डेंग्यू पसरावा, हे बरे नव्हे.

टाकीबाहेरचे पाणी

शेवटचा आणि सर्वांत महत्त्वाचा मुद्दा. कंटाळा आला, बदली झाली, पिल्ले फार झाली, म्हणून मासे ओढ्यात, तळ्यात किंवा नदीत सोडून देऊ नका. पुष्कळजण हे दयेपोटी करतात. पण ती दया त्या ओढ्यातल्या माशांच्या जिवावर बेतते.

टाकीची काच साफ करतो म्हणून जो काळा, खवल्यांच्या चिलखताचा सकर मासा विकतात, तो दुकानात बोटभर असतो आणि पुढे फूटभर वाढतो. टाकीत मावेनासा झाला की लोक तो पाण्यात सोडतात. मूळचा दक्षिण अमेरिकेचा हा मासा आज आंध्र, केरळ आणि पश्चिम बंगालच्या जलाशयांत पसरला आहे. २०२० साली तो वाराणसीजवळ गंगेतही सापडला. तो काठाला बिळे पाडतो, कोळ्यांची जाळी फाडतो आणि खायलाही कुणी घेत नाही.

गप्पीचेही असेच. आरोग्य खात्याचे लोक डासांच्या अळ्या खाण्यासाठी गप्पी सोडतात, हे आपण पाहिले आहे. बंद हौद, टाके, बांधकामावरचे साठलेले पाणी अशा ठिकाणी त्याचा उपयोग आहे आणि तो त्यांच्या सल्ल्याने करावा. वाहत्या ओढ्यात आपण होऊन गप्पी सोडणे ही वेगळी गोष्ट आहे. तिथे अळ्या खाणारे आपले देशी मासे आधीच असतात. भाताच्या खाचरांत पृष्ठभागाशी पोहणारा, डोक्यावर चमकता ठिपका असलेला लहान मासा तुम्ही पाहिला असेल. त्याच्याच कुळातला आप्लोकायलस ब्लॉकी हा मासा १९९० च्या दशकात गोव्यातील कांदोळी येथे मलेरियाच्या डासांविरुद्ध, जिवाणूजन्य अळीनाशकाच्या जोडीने, वापरून पाहण्यात आला होता.

याची दुसरी बाजूही आहे. सह्याद्रीच्या ओढ्यांतले सुंदर मासे टोपल्यांनी पकडून विकणे किंवा टाकीत ठेवणे टाळा. केरळ-कर्नाटकच्या नद्यांतला लाल पट्ट्याचा डेनिसन बार्ब हौशी लोकांच्या मागणीपायी इतका पकडला गेला, की आज तो संकटग्रस्त जातींच्या जागतिक यादीत आहे. मासा घेताना तो पैदाशीचा आहे की ओढ्यातून पकडलेला, हे दुकानदाराला विचारावे.

मासे नकोसे झाले तर दुकानदाराला परत द्या, शाळेला विचारा, छंद असलेल्या दुसऱ्या घरी द्या. मेलेला मासा पाण्यात न टाकता मातीत पुरा. झाडाला त्याचे खत होते.

या सुट्टीत मुलाने मासे मागितले तर नाही म्हणू नका. टाकी आणा, वाळू धुवा, पाणी भरा, पंप सुरू करा आणि भिंतीवरच्या कॅलेंडरवर सहावा आठवडा त्याच्याच हाताने खूण करून ठेवा. तोवर त्याने रोज एक चिमूट खाद्य टाकावे आणि वहीत पाण्याचा रंग लिहावा. तो रोज विचारेल, "मासा कधी?" त्याला सांगा, पाणी तयार झाले की. वाट पाहून आणलेला मासा त्याच्याकडे जगेल, आणि त्याचे त्याला मोल वाटेल.